अनुभव धागा: दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा आणि एका गुणाची लढत

कुस्तीच्या फडात आणि शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमध्ये अटीतटीचे सामने पाहण्याची सवय कोल्हापूरला पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत शेवटच्या प्रश्नापर्यंत गुण बरोबरीत राहिले, की हेच शहर ताटातला रस्सा गार होऊ देते, याची नोंद फारशी कुणी केलेली नाही. ज्यांनी अशा कार्यक्रमात भाग घेतला, प्रेक्षकांत बसून चित्रीकरण पाहिले किंवा घरच्या कुणाची तयारी करून घेतली, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. कोण जिंकले एवढ्यावर न थांबता, तो एक गुण नेमका कशामुळे इकडचा तिकडे गेला, हे सविस्तर सांगावे. बरोबरीत आलेल्या दोन संघांच्या माहितीत फारसा फरक उरलेला नसतो आणि निकाल लावतात ते नियम, बसण्याची जागा आणि हात, असे माझे मत आहे. ते कुणाला खोडून काढायचे असल्यास अवश्य खोडावे.

शाहूपुरीतील आजोबा

१९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला, तेव्हा आमच्या वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच होता आणि तो घरमालकांच्या माजघरात होता. कार्यक्रम इंग्रजीत असल्यामुळे निम्म्या मंडळींना प्रश्न कळत नसे. माझे थोरले बंधू भराभर मराठी करून सांगत आणि मी पाटीवर खडूने संघांचे गुण मांडत असे. गुण मांडता मांडता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एका संघाला उत्तर आले नाही, की प्रश्न शेजारच्या संघाकडे सरकतो. त्यामुळे कच्च्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्या संघाला आयते प्रश्न मिळत जातात, तर तरबेज संघाच्या पुढे बसलेला तितकाच हुशार संघ उपाशी राहतो. पुढे मी शिक्षक झालो आणि शाळेत प्रश्नमंजूषा घेऊ लागलो, तेव्हा निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेने फिरवण्याचा नियम मी हट्टाने पाळला, कारण अंतर एका गुणाचे असते तेव्हा जागेचा हा फायदा ज्ञानाच्या नावावर जमा होऊ नये.

मंगळवार पेठकर

धागाकर्त्यांचे मत मला पटते, फक्त त्यात संयम हा शब्द घालावा लागेल. मी नववीत असताना आमच्या शाळेचा संघ एका वाहिनीवरील आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. पुण्याच्या एका शाळेशी आमची बरोबरी झाली होती, बझरची फेरी सुरू होती आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत होते. सूत्रसंचालकांनी वाचायला सुरुवात केली, “१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताला कुस्तीत कांस्यपदक…” आणि माझा हात आपोआप बझरकडे गेला. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या आणि कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांचे नाव आम्हाला विचारायचे आणि ते दुसऱ्या कुणी सांगायचे, ही कल्पनाच मला सहन होणारी नव्हती. माझ्या जोडीदाराने टेबलाखाली माझे मनगट इतके घट्ट धरले, की त्याच्या नखांचे वळ नंतर बराच वेळ दिसत होते. तेवढ्यात समोरच्या संघाने बझर दाबून खाशाबांचे नाव सांगितले. उत्तर चूक ठरले, त्यांचे गुण वजा झाले आणि आम्हाला पूर्ण प्रश्न वाचून दाखवण्यात आला: कुस्तीत कांस्यपदक मिळवून देणारे खाशाबा जाधव होते, तर त्याच स्पर्धेत भारताने सुवर्ण कोणत्या खेळात मिळवले? हॉकीचे उत्तर जोडीदाराने अगदी शांतपणे दिले आणि आम्ही अंतिम फेरीत गेलो. परत येताना गाडीत मी त्याला विचारले, की प्रश्न पुढे वळणार हे तुला कसे समजले. तो म्हणाला, “सूत्रसंचालकांचा आवाज ‘पदक’पाशी खाली आला नव्हता, वर गेला होता. प्रश्न संपणार असला, की तो खाली येतो.” ही गोष्ट कोणत्याही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात नाही.

अभ्यासिकेतील एक जुना सदस्य

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये हर्षवर्धन नवाथे यांनी पहिल्यांदा एक कोटी जिंकले, तो भाग आम्ही स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांनी अभ्यासिका बंद ठेवून पाहिला. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते, हा शेवटचा प्रश्न पडद्यावर आला, तेव्हा खोलीतल्या बहुतेकांनी महान्यायवादी हे उत्तर एका सुरात सांगितले, कारण अनुच्छेद ८८ आम्हाला तोंडपाठ होता. नवाथे स्वतः नागरी सेवांचाच अभ्यास करत होते. आम्हाला उत्तर येत होते, पण आम्ही सतरंजीवर होतो आणि ते त्या खुर्चीवर. हा फरक एका गुणाहून बराच मोठा आहे, एवढेच नोंदवतो.

कागलची सून

मी एका मराठी प्रश्नमंजूषेत झटपट बोटांच्या फेरीपर्यंत गेले होते, त्यामुळे हाताविषयी मला अधिकाराने बोलता येईल. चार घटना कालक्रमाने लावायच्या होत्या: शिवराज्याभिषेक, आग्र्याहून सुटका, अफझलखानाचा वध आणि पुरंदरचा तह. आपल्याकडे पाचवीतल्या मुलालाही १६५९, १६६५, १६६६ आणि १६७४ हा क्रम सांगता येईल, म्हणजे प्रश्न ज्ञानाचा उरलाच नव्हता. स्टुडिओत वातानुकूलन इतके कडक होते, की बोटे आखडली होती आणि मी ती पदराखाली चोळत बसले होते. पर्याय पडद्यावर येताच मी चारही कळा दाबल्या आणि नंतर फलकावर नावे व वेळा झळकल्या, तेव्हा उत्तर बरोबर असूनही मी दुसरी होते. पहिल्या आलेल्या गृहस्थांच्या आणि माझ्या वेळेत सेकंदाच्या काही शतांशांचाच फरक होता. गावाकडे सगळ्यांनी “थोडक्यात हुकलं गं” म्हणून हळहळ व्यक्त केली. सासूबाईंनी मात्र हळहळ बाजूला ठेवून विचारले, की तू आधी क्रम ठरवलास आणि मग कळा दाबल्यास, की दाबता दाबता ठरवलास? मी आधी पूर्ण क्रम ठरवला होता. पहिली घटना ओळखताच पहिली कळ दाबायची आणि बोट पुढे सरकेपर्यंत दुसरी शोधायची, हे ते गृहस्थ करत होते, असे त्यांनीच नंतर चहाच्या वेळी सांगितले.

प्रयागच्या वाटेवरून

संयम, हात आणि जागा यांच्या यादीत प्रश्नपत्रिकेवरचे छापील उत्तरही धरावे. एका प्रादेशिक प्रश्नमंजूषेच्या चित्रीकरणाला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. कार्यक्रमाचे नाव सांगण्याची गरज नाही. गुण बरोबरीत असताना प्रश्न आला, की पंचगंगा किती नद्यांच्या संगमातून तयार होते. कोल्हापूरच्या संघाने कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ही नावे घेऊन “चार” असे उत्तर दिले. सूत्रसंचालकांच्या हातातील कार्डावर “पाच” लिहिलेले होते, कारण पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. आता प्रयाग चिखलीला संगमावर उभे राहिल्यास गुप्त नदी दिसत नाही आणि नदीच्या नावातला ‘पंच’ही नाकारता येत नाही. प्रेक्षकांत कोल्हापूरचे लोक पुष्कळ असल्यामुळे आवाज चढला, चित्रीकरण थांबले, दिवे मंद झाले आणि आयोजक मंडळी कोपऱ्यात दीर्घकाळ चर्चा करत राहिली. अखेर तो प्रश्न रद्द करून दुसरा विचारण्यात आला आणि त्यात आमचा संघ हरला. प्रक्षेपणात मात्र यातले काहीही नव्हते. एका प्रश्नाहून दुसऱ्यावर सामना सरळ गेल्यासारखा दिसला आणि घरी बसलेल्यांना वाटले, की आमच्या मुलांचा शेवटी धीर सुटला. वाद झाला याचे मला काही वाटत नाही, पण तो कापला गेला याचे वाटते.

गणिताचे मास्तर

अमेरिकेतील ‘जेपर्डी’ हा कार्यक्रम मुलामुळे माझ्या पाहण्यात आला आणि अटीतटीच्या लढतीचे गणित मला तेथे सर्वांत स्वच्छ दिसले. तेथे तीन स्पर्धक असतात. निवेदकाचे वाचन संपण्यापूर्वी बझर दाबला, तर तो पाव सेकंद बंद पडतो. म्हणजे मंगळवार पेठकरांच्या जोडीदाराने जो संयम स्वतः पाळला, तो तेथे यंत्रच पाळायला लावते. शेवटच्या प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या रकमेतून पैज लावायची असते आणि ती प्रश्न पाहण्यापूर्वी, केवळ विषय ऐकून. समजा, पहिल्याकडे १८,००० आणि दुसऱ्याकडे १४,००० डॉलर आहेत व तिसरा फार मागे आहे. दुसऱ्याने सगळे लावले आणि उत्तर बरोबर आले, तर त्याचे २८,००० होतात. म्हणून पहिला १०,००१ लावतो, जेणेकरून बरोबर उत्तरावर त्याचे २८,००१ होतील. पण पहिल्याचे उत्तर चुकले, तर त्याच्याकडे ७,९९९ उरतात. दुसऱ्याने हे ओळखून ६,००० च्या आत पैज लावली, तर स्वतःचे उत्तर चुकूनही त्याच्याकडे किमान ८,००० राहतात आणि तो एका डॉलरने जिंकू शकतो. दोघांनाही उत्तर येत नसताना कोण जिंकणार, हे अशा रीतीने पैज लावतानाच ठरलेले असते. आमच्या दहावीच्या वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर मांडले, तेव्हा एरवी खिडकीबाहेर पाहणारी बाकेसुद्धा पुढे सरकली. कागलच्या ताईंना एक विचारायचे आहे: कळा दाबण्याचा सराव घरी करता येतो का, आणि त्याने वेळ खरोखर कमी होते का?

कागलची सून

होय सर, करता येतो. घरातला जुना कॅल्क्युलेटर घ्यावा, चार कळांवर चिकटपट्टीने अ, ब, क, ड लिहावे आणि कुणालातरी चार घटना कागदावर लिहून एकदम समोर धरायला सांगावे. त्या वाचून दाखवल्यास कान कामाला लागतात आणि कार्यक्रमात तर डोळेच लागतात. मोबाइलच्या पडद्यावरचा सराव मला उपयोगी पडला नाही, कारण तेथे कळ दबल्याचे बोटाला कळत नाही. वेळ कमी होते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे घटना ओळखण्याचा वेगच वाढवावा लागतो. सध्या आमच्या धाकट्या जाऊबाई निवड चाचणीची तयारी करत आहेत, सासूबाई घड्याळ लावून बसतात आणि माझ्या वेळेपेक्षा जाऊबाईंची वेळ आताच कमी येऊ लागली आहे.