'क्रंब': चार्ल्सचं दुःख दाखवणं योग्य होतं का?

शाईदौत
टेरी झ्विगॉफचा 'क्रंब' (१९९४) हा माहितीपट ज्यांनी पाहिलाय त्यांची मतं हवी आहेत. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: रॉबर्ट क्रंब म्हणजे १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'झॅप कॉमिक्स' काढून अंडरग्राउंड कॉमिक्सची (मोठ्या प्रकाशकांना बाजूला ठेवून काढलेल्या बेधडक कॉमिक्सची) लाट आणणारा अमेरिकन व्यंगचित्रकार. फ्रिट्झ नावाचा कॉमिकमधला बोका त्याचा, गायिका जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या 'चीप थ्रिल्स' या अल्बमचं मुखपृष्ठही त्याचंच. त्याने काढलेली बायकांची आणि काळ्या लोकांची चित्रं पाहून लोक तेव्हाही चिडायचे, आजही चिडतात.

पण हा माहितीपट मनात राहतो तो थोरल्या भावामुळे, चार्ल्समुळे. लहानपणी भावंडांना कॉमिक्स काढायला लावणारा चार्ल्सच. मोठेपणी तो आईच्या घरात गोळ्यांवर दिवस काढतोय. रॉबर्ट त्याच्या जुन्या वह्या उलगडून दाखवतो तो भाग मी कितीदा तरी थांबवून पाहिलाय. आधी पात्रांच्या तोंडचे फुगे वाढत जातात आणि पात्रं कोपऱ्यात चेपली जातात. मग अंगावर, कपड्यांवर सुरकुत्यांच्या रेघा माजतात. शेवटी चित्रच संपतं आणि पानंच्या पानं नुसती बारीक अक्षरं, वाचताही न येणारी. एका माणसाचं मन कसं मिटत गेलं हे त्या वह्यांत दिसतं, डॉक्टरच्या अहवालात दिसलं नसतं.

मारकुटा बाप, खचलेली आई, तीन मुलगे, तिघांच्याही हातात चित्रकला. त्यातला एकच बाहेर पडला. हे घर पाहिल्याशिवाय रॉबर्टची चित्रं कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बाभूळकाटा
साफ असहमत. माहितीपट लोकांपुढे येण्याआधीच चार्ल्सने आत्महत्या केली होती. शेवटी पडद्यावर ती ओळ येते आणि आपण हळहळत उठतो. ज्याने मोठेपणी घराबाहेर क्वचितच पाऊल टाकलं, त्याला आपला चेहरा जगभर दिसणार आहे म्हणजे काय, हे कितपत समजलं असेल? 'हो' म्हणाला म्हणून संमती झाली का?

दुसरं, पाच भावंडांपैकी दोघी बहिणींनी बोलायला नकार दिला. म्हणजे आपण पाहतो ते तीन भावांचं घर. बायकांबद्दलचा राग ज्या घरात रुजला, त्या घरातल्या मुलींचं म्हणणंच इथे नाही. मग 'घर पाहिल्याशिवाय चित्रं कळत नाहीत' हे कशाच्या जोरावर?

शाईदौत
बहिणींचा मुद्दा मान्य, ती उणीव आहेच. पण चार्ल्सला काही कळत नव्हतं हे मानायला मी तयार नाही. तो किती नेमकं बोलतो! रॉबर्टबद्दलचा जुना मत्सर, त्याला मारून टाकावंसं वाटायचं ते, सगळं स्वतःहून सांगतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं ऐकतंय याचा त्याला आनंद झालेला दिसतो. आजारी आहे म्हणून त्याला गप्प बसवायचं, हा कुठला कळवळा? शिवाय झ्विगॉफ कुणी उपरा नव्हता. क्रंबच्या 'चीप सूट सेरेनेडर्स' बँडमध्ये वाजवायचा, जुना दोस्त.

बाभूळकाटा
दोस्त होता म्हणूनच जबाबदारी जास्त.

वस्त्रधौती
धाकट्या मॅक्सनबद्दल एक राहिलंच. तो कापडाची लांब पट्टी गिळतो ते पाहून अनेकांनी 'वेडा' म्हणून हात झटकले. ही हठयोगातली धौती, म्हणजे शरीर आतून साफ करण्याची क्रिया आहे. हठप्रदीपिकेत चार बोटं रुंद आणि पंधरा हात लांब कापड सांगितलंय, आणि तेही गुरूने दाखवल्याप्रमाणे, हळूहळू गिळायचं. खिळ्यांवर बसणं, वाडगा घेऊन रस्त्यावर भीक मागणं हे सगळं त्याच्या लेखी साधना आहे. माहितीपट त्याला समजून घेत नाही, नुसता चमत्कार दाखवल्यासारखा दाखवतो.

निशिगंध
साधना असेल, पण तोच मॅक्सन अनोळखी बाईची भर दुकानात छेड काढल्याचं सांगतो, तेव्हा समोर हशा आहे. मला तिथे उठून जावंसं वाटलं. त्या बाईवर काय गुदरलं असेल, हे विचारायला चौकटीत कुणीच नाही.

मुळात तुम्ही सगळे चार्ल्सवर भांडताय. 'जो ब्लो'चं काय? 'झॅप'च्या चौथ्या अंकातलं ते कॉमिक, आईबाप आणि मुलांमधल्या शरीरसंबंधांचं. तो अंक विकल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये विक्रेते दोषी ठरले. आणि क्रंबचं ते पात्र, अँजलफूड मॅकस्पेड? जाड ओठ, कमरेला गवत, काळ्या बाईचं शंभर वर्षांचं हिणकस चित्र पुन्हा काढायचं आणि म्हणायचं, मी तर अमेरिकेच्या मनातली घाण बाहेर काढतोय. ज्या काळ्या मुलीच्या हाती ते पान पडलं, तिला या खुलाशाचा काय उपयोग?

पत्रकार डेर्ड्रे इंग्लिश आणि व्यंगचित्रकार ट्रिना रॉबिन्स माहितीपटात हे बोलतात, हे खरं. पण कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज क्रंबला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ब्रूगेल (सोळाव्या शतकातला थोर चित्रकार) म्हणतो, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. मारकुटा बाप अनेकांच्या वाट्याला येतो. रॉबर्टच्या बहिणींच्याही आलाच होता.

शाईदौत
निशिगंध, अँजलफूडचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण माहितीपट तरी कुठे करतो? क्रंब स्वतः म्हणतो की ही चित्रं काढावीत की नाही हे मलाच माहीत नाही. झ्विगॉफला आपल्या मित्राचा पुतळा उभारायचा असता, तर त्याने या दोघींना बोलूच दिलं नसतं.

निशिगंध
'मलाच माहीत नाही' म्हणून छापत राहायचं, ही सवलत मोठ्या कलावंतालाच मिळते. त्याची बायको अलीन कोमिन्स्की-क्रंब (२०२२ साली गेली) स्वतः तोलामोलाची व्यंगचित्रकार. स्वतःच्या शरीराबद्दल, आईबद्दल तिने इतकं बोचरं, उघडंवाघडं काढलंय, आणि पुढे 'वीर्डो' या कॉमिक्सच्या नियतकालिकाचं संपादनही केलं. तिनेही घरातलंच दुःख काढलं, पण त्यासाठी दुसऱ्या कुणाला तुडवलं नाही. माहितीपटात मात्र ती मुख्यतः क्रंबची बायको म्हणून बोलते. तिची पानं शोधून वाचा, मग 'घरामुळे अशी चित्रं आली' या मुद्द्यावर परत बोलू.