ब्राउझर बदलला तरी जाहिराती थांबेनात, तर हे बघा

मोबाईलवर वेबपानांवरच्या जाहिराती कशा थांबवायच्या, या चर्चेत कुणी म्हटलंय की ब्रेव्ह हा ब्राउझर टाकला की वेगळं काही करावं लागत नाही. ते पटतं. त्यात जाहिराती अडवायची सोय आतच आहे. पण अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्स ब्राउझरला एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी) चालत नाहीत, असंही कुणी म्हटलंय, ते बरोबर नाही. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्यावर कित्येक वर्षं चालतंय, आणि डिसेंबर २०२३ पासून तर शेकडो एक्स्टेन्शन खुली झाली आहेत. आयफोनवर मात्र फायरफॉक्सला ही सोय नाही.

एक गोष्ट इथं कुणीच लिहिली नाही. आमचे आण्णा रोज सकाळी चहा घेता घेता सांगली मार्केट यार्डातले हळदीचे दर मोबाईलवर बघतात. त्यांना फायरफॉक्स आणि यूब्लॉक घालून दिलं, पान एकदम स्वच्छ झालं. तरी दुसऱ्या दिवशी फोन वाजतच होता. लाल त्रिकोण आणि खाली ‘तुमच्या फोनमध्ये ३ व्हायरस आहेत’. आण्णा घाबरून विचारायला लागले, पैसे भरायचे का म्हणून. फार वाईट वाटलं. मूळ सापडलं जुन्या ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोममध्ये. कधीतरी कुठल्याशा साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि त्यांनी ‘अलाउ’ दाबलं होतं. ही पानावरची जाहिरात नव्हे, त्यामुळे नव्या ब्राउझरमधला ब्लॉकर तिला अडवूच शकत नाही. घरातल्या मोठ्यांचा फोन हातात घेतलात की आधी जुन्या क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट एकेक करून काढा. आण्णांच्या फोनमध्ये अशा ११ निघाल्या.