हिप-हॉप व्हिडिओ: फिशआय, संथ अंग पण ओठ तालात, मागे उभी टोळी. हे नेमकं कसं जमवतात?

सोळा_बार

गाणं ३ मिनिटं १० सेकंदांचं आहे. ९० बीपीएम (मिनिटाला ठोके), दोन व्हर्स (कडवी), तीनदा हुक (धृपद). नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन व्हिडिओंचा बाज हवा आहे. म्हणजे चेहरा लेन्सवर येऊन आदळणं, अंगाची हालचाल संथ पण ओठ गाण्यावर चोख, आणि रॅपरच्या मागे सगळी गँग.

कॅमेरा एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान) सेन्सरचा, लेन्स दोन: ८ मिमी फिशआय (दृश्य गोल फुगवणारी) आणि २४ मिमी. लोकेशनंही दोन: एक अरुंद बोळ आणि रात्रीचं मोकळं पार्किंग, तिथे दोन गाड्या. एडिटची टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेम्सची ठेवणार आहे. संथ हालचालीत ओठ कसे जुळवतात? फिशआयला फोकस आणि लाइट कसा लावायचा? आणि मागच्या माणसांनी करायचं तरी काय?

प्लेबॅक_वाला

ओठांचं आधी सांगतो, कारण तिथली चूक एडिटला निस्तरता येत नाही.

गाणं जितक्या पटीने वेगात वाजवाल तितक्याच पटीने फ्रेमरेट वाढवायचा. गाणं दुप्पट वेगाने वाजवून ४८ फ्रेम्सवर शूट केलं आणि फुटेज २४ वर आणलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात, अंग मात्र निम्म्या वेगाने हलताना दिसतं. घोडं अडतं ते रॅपरच्या तोंडाशी. तुमचं ९० बीपीएमचं गाणं दुप्पट केलं की १८० होतं. भरगच्च व्हर्स त्या वेगात कुणी स्पष्ट म्हणू शकत नाही. अर्धे शब्द गिळले जातात आणि ते पडद्यावर ठळक दिसतं, कारण तिथे सगळं संथ झालेलं असतं. म्हणून दुप्पट फक्त हुकसाठी, जिथे शब्द कमी आणि लांबवलेले आहेत. व्हर्ससाठी ३० फ्रेम्स आणि गाणं १२५ टक्के, म्हणजे ११२.५ बीपीएम. चालीत जडपणा येतो, तोंडही नीट चालतं. कॅमेऱ्यात ३६ फ्रेम्सची सोय असेल तर १५० टक्केही करून बघा.

आता काही बारीक गोष्टी. कॅमेऱ्याच्या मेनूत ३० लिहिलेलं असलं तरी ते बहुधा २९.९७ असतं आणि २४ म्हणजे २३.९७६. टाइमलाइनही २३.९७६ चीच ठेवा, मग गुणोत्तर बरोबर १२५ टक्के येतं. टाइमलाइन नेमकी २४.००० ठेवली तर एक दशांश टक्क्याचा फरक पडतो आणि तुमच्या गाण्याच्या शेवटी ओठ चार-साडेचार फ्रेम्स सरकलेले असतात. सुरुवातीला सगळं जुळलेलं दिसतं म्हणून हे चटकन लक्षात येत नाही.

बऱ्याच कॅमेऱ्यांत स्लो-मोशनचा वेगळा मोड लावला की आवाज रेकॉर्डच होत नाही. मग वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) सिंक करायला हाताशी काहीच उरत नाही. तो मोड टाळून साध्या ३० किंवा ५० फ्रेम्सवर आवाजासकट शूट करा आणि एडिटमध्ये क्लिपचा वेग कमी करा (३० वरून २४ म्हणजे ८० टक्के). कॅमेऱ्यात ५०च असेल तर ते शॉट्स २५ च्या टाइमलाइनवरच दुपटीत बसतात, २४ वर २०८ टक्क्यांचं त्रांगडं होतं.

वेगात वाजवायची फाइल बनवताना सूर सांभाळत बसू नका, चिपमंकसारखा झाला तर होऊ दे. फुटेज संथ केल्यावर त्यातला आवाज मूळ सुरात परत येतो आणि सिंक सोपं जातं. हुक, पहिला व्हर्स, दुसरा व्हर्स असे तुकडे पाडा आणि प्रत्येकाच्या आधी त्याच तालात चार टिकटिक टाका. पाचव्या ठोक्यावर शब्द.

रॅपरने शब्द मोठ्याने म्हणायचे, पुटपुटायचे नाहीत. गळ्याच्या शिरा आणि श्वास खोटे दाखवता येत नाहीत. सिंक तपासायचं ते प, ब, म असलेल्या जागी: तिथे ओठ मिटतात, फ्रेम मोजता येते.

याच तत्त्वाचं टोक बघायचं तर फारसाइड या रॅप ग्रुपचं १९९५ मधलं 'ड्रॉप' पाहा, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. तिथे रॅपर्सनी शब्द उलटे पाठ केले आणि फुटेज उलटं फिरवलं.

काचगोळा

फिशआय. एपीएस-सीवर ८ मिमी, छिद्र (अॅपर्चर) एफ/८ ठेवून फोकस ४० सेंटिमीटरवर लावला तर हिशेबाने २० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. फोकस मॅन्युअल करा, रिंगवर टेप लावा, विषय संपला. ऑटोफोकसला ही लेन्स देऊ नका, हात पुढे आला की तो हातामागे धावतो. लेन्सवर छापलेले आकडे मात्र भरवशाचे नसतात. स्क्रीन मोठी करून एकदा डोळ्यांनी खात्री करून घ्या.

चेहरा २५ ते ३० सेंटिमीटरवर. परिणाम येतो तो आत-बाहेरच्या हालचालीतून: ८० वरून २५ वर झेप घेतली की चेहरा तिपटीहून मोठा होतो. डावीकडून उजवीकडे कितीही नाचलात तरी फिशआयमध्ये ते किरकोळच दिसतं. चेहरा मध्यावर ठेवा. कडेला गेला की कान ताणला जातो आणि विनोदी दिसतो. हात लेन्सच्या वरून किंवा बाजूने यावा, थेट समोरून आला तर चेहराच झाकतो.

आता लाइट. ८ मिमी जवळजवळ १८० अंश बघते. स्टँड, केबल, असिस्टंटचे बूट, सगळं फ्रेममध्ये. वर चेहरा इतका जवळ की कॅमेऱ्याचीच सावली त्यावर पडते. दिग्दर्शक हाइप विल्यम्सच्या बोगद्यासारख्या सेट्समध्ये छताला आणि भिंतींना दिव्यांच्या रांगा दिसतात. त्या शोभेच्या तर आहेतच, पण लाइट लपवायला जागाच नसेल तर तो उघडपणे सेटचा भाग करणं हाच मार्ग उरतो. त्यानेच केलेल्या, रॅपर मिसी इलियटच्या १९९७ मधल्या 'द रेन'मध्ये तो फुगवलेला काळा पोशाखही लेन्सच्या फुगवट्याशी हातमिळवणी करतो. पोशाख ठरवताना हे लक्षात घ्या: फिशआयला गोल, फुगीर, चकचकीत कपडे मानवतात, अंगाबरोबरचे मानवत नाहीत.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे फिशआय बोळात, दिवसा, सावलीत. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/८ आणि १/५० शटर जवळपास नेमकं बसतं. या लेन्सची पुढची काच फुगीर असल्याने एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर चढत नाही, म्हणून कडक ऊन नको. लॉगमध्ये (रंग नंतर बसवायचा फिक्या चित्राचा मोड) शूट करायचा मोहही आवरा. त्यात आयएसओ बहुधा ५००-८०० च्या खाली उतरत नाही आणि एनडीशिवाय तुम्ही अडकता. रात्री पार्किंगमध्ये हीच लेन्स एफ/२.८ वर उघडली तर आठपट प्रकाश मिळेल, पण मागचं सगळं धूसर. मग फिशआयची अर्धी मजाच गेली.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर कोपरे जेलीसारखे थरथरतात. लेन्स-दुरुस्तीही बंद, नाहीतर कॅमेरा मुकाट्याने तुमचा गोलावा सरळ करून टाकेल. काच दर दोन टेकनंतर पुसा. इतक्या खोल फोकसमध्ये बोटाचा ठसा पडद्यावर ढगासारखा दिसतो.

मागची_रांग

गँगबद्दल. सगळ्यात जास्त माती होते ती इथेच, कारण लोकांना वाटतं की दहा जण उभे केले की झालं.

कॅमेरा कमरेच्या उंचीवर, किंचित वर वळवलेला, २४ मिमी. रॅपर पुढे, बाकीचे त्याच्या मागे व्हीच्या आकारात. रांग सरळ केली तर शाळेचा फोटो होतो. उंची तोडा: कोणी बॉनेटवर, कोणी उकिडवा, कोणी पायरीवर. मध्ये मोकळ्या फटी दिसल्या तर गँग विरळ वाटते, खांदे एकमेकांवर चढू द्या.

मागच्यांनी अख्खा व्हर्स म्हणायचा नाही. गाण्यात जिथे डबल (दुसरा आवाज वरून दिलेला) आहे, म्हणजे ओळीचा शेवटचा यमकाचा शब्द, तेवढाच ओरडायचा. ॲडलिब (मधूनमधून टाकलेले उद्गार) एकाच माणसाला वाटून द्या आणि त्याचा वेगळा टेक घ्या. बाकी वेळ नजर रॅपरवर किंवा थेट लेन्समध्ये. फोनकडे बघणारा एक जण अख्खा शॉट घालवतो.

चेन दाखवायची असेल तर सॉफ्टबॉक्स बंद करा. मोठ्या मऊ प्रकाशात धातू दुधी दिसतो. छोटा, उघडा दिवा हातात घेऊन हळू फिरवा, मग कडी-कडीवरून चमक पळते. चेहऱ्याला मात्र बाजूने मोठा मऊ प्रकाश द्या, सावळ्या त्वचेवर तो चमकेच्या पट्ट्यांनी आकार काढतो. एक्सपोजर वाढवत बसलात तर आधी पांढरा टीशर्ट जळतो.

नकली नोटा उडवणार असाल तर आपापल्या देशाचा कायदा आधी बघा. अमेरिकेत डॉलरची प्रतिकृती एकाच बाजूने छापलेली आणि लांबी-रुंदीत मूळ नोटेच्या ७५ टक्क्यांहून लहान किंवा १५० टक्क्यांहून मोठीच असावी लागते. खेळण्यातली पिस्तुलं माझ्या मते वगळाच. पोलिसांना आधी न कळवता रस्त्यावर काढली तर जिवावर बेतू शकतं, आणि ती प्रतिमा आता घासून गुळगुळीतही झाली आहे.

सोळा_बार

फिशआय बोळात हलवतो, पटलं. पार्किंगमध्ये गाड्यांचे हेडलाइट मागून लावायचे आहेत, ते फ्लिकर करतील का? आणि नंतर वरून व्हीएचएसचा फिल्टर टाकू का?

काचगोळा

एलईडी हेडलाइट आणि टेललाइट दोन्ही करू शकतात. ते मेन्सवर (भिंतीतल्या विजेवर) चालत नाहीत, आपल्याच वेगाने लुकलुकतात, त्यामुळे ठरावीक आकडा सांगता येत नाही. शूटआधी प्रत्येक गाडी त्याच शटरवर दहा सेकंद रेकॉर्ड करून बघा. हॅलोजनवाली गाडी मिळाली तर डोक्याला तापच नाही. मेन्सवरच्या दिव्यांचं सोपं आहे: ५० हर्ट्झ वीज असेल तर शटर १/५० किंवा १/१००, फ्रेमरेट काहीही असो. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०.

हेडलाइट मागून नुसते लावले तर दोन पांढरे ठिपके दिसतील. थोडा धूर हवा, म्हणजे शलाका दिसतात, आणि जमीन ओली करा, म्हणजे काळं डांबर प्रकाश परत देतं. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवणार असाल तर जागा उघडीच हवी. बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे.

प्लेबॅक_वाला

व्हीएचएस फिल्टर नको. नव्वदच्या दशकातले मोठे व्हिडिओ १६ किंवा ३५ मिमी फिल्मवर शूट झालेले असत. आज दिसणारा खरखरीतपणा बहुतेक वेळा टीव्हीवरून टेप केलेल्या कॉपीचा असतो. त्या काळाची खूण हवी असेल तर ४:३ करा (१०८० च्या टाइमलाइनवर १४४० x १०८०), फ्रेमिंग शूटलाच त्या हिशेबाने ठेवा, रंग गडद आणि थोडा ग्रेन (फिल्मसारखे कण). व्हीएचएसची रेघ टाकायचीच असेल तर ती हँडीकॅम शैलीच्या शॉट्सपुरती ठेवा.

एडिटला एक गणित उपयोगी पडेल. ९० बीपीएमला २४ फ्रेम्सवर एक ठोका म्हणजे १६ फ्रेम्स, एक बार (चार ठोके) ६४. स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) दर ३२ फ्रेम्सवर येतो. कट नेमका ठोक्यावर मारला तर उशिरा आल्यासारखा भासतो, एक-दोन फ्रेम आधी मारा. आणि प्रत्येक स्नेअरवर मारू नका, तिसऱ्या-चौथ्या बारपर्यंत प्रेक्षकाला अंदाज येतो. व्हर्समध्ये ओळ संपेपर्यंत थांबा, हुकमध्ये वेग वाढवा. यासाठी प्रत्येक लोकेशनवर आधी अख्खं गाणं वाइड, मिड आणि क्लोज असं एकेकदा घेऊन ठेवा, खास शॉट्स त्यानंतर.