मदत हवी आहे: गोडो इंजिनमध्ये मराठी वळणाचे ल आणि श

नमस्कार मंडळी, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गोडो ४ (गेम बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर) वर मराठी शब्दकोड्यांचा मुक्त-स्रोत गेम करतोय. गोडो ३ मध्ये देवनागरीचे हालच होते: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर, जोडाक्षरं फुटलेली. २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून हार्फबझ ही मजकूर मांडणारी लायब्ररी अक्षरं जुळवते, त्यामुळे तो त्रास संपला. ज्यांनी हे फुकट करून दिलं त्यांचे उपकारच आहेत.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) भाषेत 'एमआर' हा मराठीचा कोड घातला की पाकळीचा ल आणि देठाचा श नीट येतात. पण कोड्याच्या चौकटीतली अक्षरं मी 'ड्रॉ स्ट्रिंग' या मजकूर रेखाटणाऱ्या फंक्शनने काढतो, तिथे हिंदी वळण येतं, कारण त्या फंक्शनला भाषा सांगायची सोयच नाही. मुलं शाळेत जसं गिरवतात तसंच पडद्यावर दिसायला हवं, इथे तडजोड नको.

गोडोमध्ये 'टेक्स्टलाइन' ही मजकुराची एक ओळ मांडणारी वस्तू आहे, तिला भाषा सांगता येते; ती वापरून कोणी हे केलंय का? प्रत्येक चौकटीला वेगळी ठेवली तर साध्या फोनवर गेम अडखळेल का? की मुळातच मराठी वळण असलेला, मुक्त परवान्याचा फॉन्ट घेणं बरं? असल्यास नाव सुचवा. कोड हवा असेल तर इथेच टाकतो.