लू रीडचा 'बर्लिन': आधी अल्बम ऐकायचा का डायरेक्ट फिल्म लावायची?

गोदाकाठ_नांदेड:
नांदेडला आम्ही काही पोरं शनिवारी एकाच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून कॉन्सर्टच्या फिल्म बघायलोत, आता अमेरिकन रॉक गायक लू रीडचा 'बर्लिन' लावायचं चाललंय, ज्युलियन श्नाबेलनं शूट केलेला. मला त्याचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' तेवढं माहीत, बाकीच्यांना तेही नाही, आणि इंग्रजी शब्द सगळ्यांनाच पकडता येत नाहीत. तर आधी 1973 चा अल्बम ऐकून घेऊ का? पोरं मधीच उठून तर जाणार नाहीत ना?

परभणी_प्लेलिस्ट:
डायरेक्ट लाव भाऊ, फक्त आधी गोष्ट मराठीत सांग. बर्लिनमधलं जोडपं, जिम आणि कॅरोलाइन, नशा, मारहाण, मग तिची लेकरं तिच्यापासून काढून नेतात आणि शेवटी ती जीव देते. कीर्तनात आख्यान सगळ्यांना माहीत असतं तरी कोणी हलत नाही, कारण सांगणाऱ्याचं सांगणं ऐकायचं असतं, इथंही तसंच आहे. 'द किड्स' आलं की कोणालाच बोलू देऊ नको. जवळपास आठ मिनिटांचं गाणं, लू रीड आवाज न चढवता नुसतं सांगत राहतो की तिची लेकरं नेली. अल्बममध्ये तर शेवटी लेकरांचं रडणंच आहे, प्रोड्युसर बॉब एझरिनच्या स्वतःच्या पोरांचं, मला ते अजूनही पूर्ण ऐकवत नाही.

उस्मानपुरा_गिटार:
माझं मत वेगळंय, एकदा तरी अल्बम ऐकाच. आला तेव्हा रोलिंग स्टोननं पार धुतला होता, नंतर 2003 ला त्याच मासिकानं 500 ग्रेट अल्बमच्या यादीत घेतला! आणि 64 वर्षांचा लू रीड डिसेंबर 2006 ला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स वेअरहाउसमध्ये तो आख्खा वाजवायला उभा राहिला, त्याचीच ही फिल्म. एवढं माहीत असलं की त्याच्या चेहऱ्याकडं बघायची नजरच बदलते. गिटारवर स्टीव्ह हंटर आहे, मूळ अल्बमवर वाजवलेला तोच माणूस, त्याचे सोलो चालू असताना चहा आणायला उठू नका. शेवटी 'सॅड साँग'ला ब्रास, तार वाद्यं आणि मागं ब्रुकलिनचा पोरापोरींचा कोरस, माझ्या अंगावर काटा येतो राव.

आंबाजोगाई_नाइट्स:
मला त्यात स्टेजमागच्या पडद्यावर दाखवलेलं शूटिंग नाही आवडलं. श्नाबेलच्या मुलीनं, लोलानं, अभिनेत्री इमॅन्युएल सेन्येला कॅरोलाइन म्हणून घेऊन केलंय ते, सुंदर आहे पण गाण्यातली कॅरोलाइन माझ्या डोक्यात वेगळी होती, ती पुसली गेली. म्हणून मीपण अल्बम आधी म्हणेन.

गोदाकाठ_नांदेड:
ठरलं मग, अल्बमची लिंक आजच ग्रुपवर टाकतो आणि गोष्ट मी सांगतो. कितीचा पिक्चर आहे? खाली घरमालक लवकर झोपतात.

परभणी_प्लेलिस्ट:
दीड तासाच्या आत संपतो. 'सॅड साँग' झालं की बंद करू नका, पुढं तीन गाणी अजून आहेत, त्यात 'कँडी सेज' गायिका अनोनी गाते, तेव्हा तिचं नाव अँटनी होतं, तो आवाज ऐकाच.

उस्मानपुरा_गिटार:
आणि शेवटी 'स्वीट जेन' आहे. घरमालकाला आधीच सांगून ठेव, ते बारीक आवाजात ऐकायचं गाणं नाही.