मदत हवी आहे: रजनी कोठारींचा प्रभाव मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींच्या अभ्यासपूर्ण लेखनाचा प्रभाव हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, गूगल स्कॉलरवरचे संदर्भांचे आकडे काढा आणि तक्ता करा. पण मला हे पटत नाहीये.

१९६४ चा ‘एशियन सर्व्हे’मधला काँग्रेस व्यवस्थेवरचा (म्हणजे अनेक पक्ष असूनही एकट्या काँग्रेसचं वर्चस्व असलेल्या पक्षपद्धतीवरचा) लेख आणि १९७० चं ‘पॉलिटिक्स इन इंडिया’ यांचे संदर्भ सहज सापडतात. मात्र ‘काँग्रेस व्यवस्था’ हा शब्द आता इतका रुळलाय की लोक तो कोठारींचं नावही न घेता वापरतात. तो प्रभाव कुठल्या रकान्यात टाकू? शिवाय एकपक्षवर्चस्वाबद्दल ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ मॉरिस-जोन्सही त्याच काळात लिहीत होते, मग श्रेय वेगळं कसं करायचं?

आणखी एक अडचण म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकं आणि नियतकालिकं. महाराष्ट्रात काँग्रेसचं वर्चस्व इतकी वर्षं टिकलं, त्यामुळे इथल्या अभ्यासकांनी ही मांडणी नक्कीच तपासली असणार. पण जुन्या मराठी अंकांतलं फारसं काही गूगल स्कॉलरवर दिसत नाही. कोठारींनी सीएसडीएस ही दिल्लीतली संशोधन संस्था (स्थापना १९६३) किंवा लोकायन हे कार्यकर्ते आणि अभ्यासकांचं व्यासपीठ उभं करणं हे तर कुठल्याच संदर्भसूचीत बसत नाही, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम तिथेच आहे.

कुणी अशा प्रकारचा अभ्यास केला आहे का? राज्यशास्त्रावरच्या मराठी नियतकालिकांचे जुने अंक पुण्यामुंबईत कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील? आणि आकड्यांशिवायची पद्धत मार्गदर्शकांना पटवायची कशी, हेही सांगा!