आइस हॉकीत बॉडी चेक (अंगाने धडक) कधी चालतो आणि कधी पेनल्टी?

टोरांटोची आई: मुलगा यंदा यू१५ (१५ वर्षांखालील) गटात आलाय, आता चेकिंग सुरू. परवा त्याने खांदा मारला तर २ मिनिटं बाहेर, नंतर समोरच्याने तसाच मारला तर काहीच नाही! एनएचएल (प्रो लीग) बघूनही कळत नाही, कुणी नीट सांगेल का?

जुना गोली: ताई, आधी पक (खेळायची रबरी चकती) कुणाकडे होता ते बघा. ज्याच्याकडे पक आहे किंवा ज्याने आत्ताच सोडला त्यालाच चेक करता येतो, बाकी कुणाला धडकलं की इंटरफिअरन्स. लांबून वेग घेत येऊन किंवा उडी मारून धडक दिली तर चार्जिंग. आणि बेसावध प्लेयरला बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, जोरात आदळलं तर बोर्डिंग, हे सगळ्यात वाईट, मानेला लागतं हो. पण एनएचएलमध्ये समोरच्याने ऐनवेळी स्वतःच पाठ फिरवली असेल तर रेफरी तेही लक्षात घेतो, म्हणून दोन धडका सारख्या दिसल्या तरी निकाल वेगळा.

कॅल्गरीकर: डोक्यावरच्या धडकेचं राहिलं. एनएचएलने २०१० मध्ये त्याचा वेगळा नियम आणला. कॅनडात २०१३ पासून ११-१२ वर्षांच्या मुलांना चेकिंग बंद केलं, कन्कशनमुळेच (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा), आणि बरं केलं. मुलाला सांगा, समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की धडकायचं नाही.

टोरांटोची आई: अय्यो, पक तर केव्हाच दुसऱ्याकडे गेला होता! आज रात्रीच दोघं बसून व्हिडिओ बघतो. थँक्यू दादा.